दोन बाटल्या झोप

विज्ञान माणसाच्या शब्दावर चालत नाही, पुराव्यावर चालतं. हे वाक्य मी बेळगावच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, फळ्यावर लिहीत आलो. निवृत्त झाल्यावर पुरावा जवळून बघायची संधी मिळाली. तेव्हा कळलं की पुरावा निपाणीहून सकाळी सव्वासातच्या बसने येतो, त्याला खिडकीची जागा लागते आणि उतरल्या उतरल्या तो म्हणतो, "किती वाळलायस रं! बायको जेवाय घालती का न्हाय?"

पुरावा म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो.

आक्का निपाणीत एकटी राहते. तिचं सासर तंबाखूच्या वखारीचं. दाजी गेल्यावर तिने वीस वर्षं ती वखार एकटीने चालवली. मूठभर माल नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि तो काळ्या रानातला की तांबड्या मातीतला, यंदाचा की गेल्या सालचा, आणि विकणाऱ्याने त्यात काय मिसळलंय, हे सांगायची. तंबाखू मात्र आयुष्यात कधी तिने जिभेवर ठेवली नाही. आमच्या जैन घरांत कांदा वर्ज्य आणि तंबाखू धंदा. यात विसंगती आहे असं मी एकदा लहानपणी म्हणालो होतो. त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.

दिवाळी झाल्यावर आक्का परसदारच्या पायऱ्यांवरून पडली. सकाळचं लख्ख ऊन होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, उठून पाणी तापवायला निघाली आणि तोल गेला. मनगट मोडलं. पुण्याहून तिचा मुलगा आला. प्लास्टर बघितलं, पायऱ्यांकडे बघायची गरज त्याला वाटली नाही, आणि घर विकून पुण्याला चल म्हणाला. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे.

"लिफ्टमधी बसून कुठं जायचं रं?" आक्का म्हणाली.

भाचा ज्या कंपनीत आहे तिथे कागदाशिवाय पान हलत नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, प्रश्न घराचा नाही, झोपेचा आहे. ती रात्रभर जागते आणि सकाळी पडते. तिला नीट झोप लागते असा कुणा डॉक्टरचा कागद दाखवा, मी घराचा विषय परत काढणार नाही. नाहीतर उन्हाळ्यात मी गाडी घेऊन येतोय."

आक्काचं पन्नास वर्षांचं घर असं एका कागदावर येऊन थांबलं.

माझी झोपही काही कौतुकाची नव्हती. निवृत्तीपासून पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. पण मी इकडे बेळगावात, अनगोळला, बायको-मुलांच्या गराड्यात जागत होतो, म्हणून त्याला कुणी प्रश्न मानलं नाही. एकट्या बाईचं जागरण हा प्रश्न असतो. पुरुषाच्या जागरणाला वाचनाची आवड म्हणतात.

अशात शहरातल्या एका आयुर्वेद महाविद्यालयात सूचना लागलेली दिसली. आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधेच्या, मुळीच्या कॅप्सूलने निद्रानाशावर काही फरक पडतो का, हे तपासायला माणसं हवी होती. सूचना कानडीत आणि इंग्रजीत छापलेली होती. खाली मराठीत, पेनाने लिहून चिकटवलेली. आमच्याकडे एवढ्यावर माणूस खूश होतो. सहा आठवडे औषध, दर दोन आठवड्यांनी तपासणी, आणि शेवटी प्रत्येकाला त्याच्या झोपेचा लेखी अहवाल. मी तो शेवटचा शब्द दोनदा वाचला आणि निपाणीला फोन लावला.

ज्यांच्या प्रबंधासाठी हे चाललं होतं त्या डॉक्टरीणबाई तिशीच्या आतल्या, गोकाककडच्या. मराठी समजायचं पुष्कळ, बोलायला थोडं अडायचं. आमच्या कागदांवर अकरा आणि बारा असे क्रमांक टाकून त्यांनी आम्हाला पद्धत समजावली. काही बाटल्यांत खरं औषध, काहींत नुसती पूड. दिसायला सगळ्या सारख्या. कुणाला काय मिळालं हे आम्हालाही माहीत नाही आणि त्यांनाही नाही. यादी त्यांच्या प्रमुख सरांच्या कपाटात, लाखेचं सील लावलेल्या पाकिटात. मी मान डोलावली. हे सगळं मी वर्गात शिकवलेलं होतं.

"रोज एक. रात्री झोपताना, कोमट दुधातून," बाई म्हणाल्या.

"रात्री?" आक्काने विचारलं. "दूध?"

सूर्य मावळल्यावर आक्का पाण्याचा घोटही घेत नाही, हे मी सांगितलं. बाईंनी अर्ज उलटसुलट केला. त्यात आहारासाठी शाकाहारी आणि मांसाहारी असे दोनच चौकोन होते. शेवटी त्यांनी सरांना फोन केला, बराच वेळ 'हूं री, हूं री' केलं आणि आक्काच्या कागदावर लिहिलं: सायंकाळी साडेपाच.

"आणि मूळ न्हवं ह्ये?" आक्काने पुढचा मुद्दा काढला. "जमिनीखालचं?"

"वाळवलेलं आहे अज्जी."

"मग चालतंय. सुंठ चालती, हळद चालती." हे तिने अशा थाटात सांगितलं, की जणू अडचण औषधाची होती आणि तिने ती मोठ्या मनाने दूर केली.

खरा घोटाळा त्या दुपारी माझ्या घरी झाला आणि तो मी केला. अर्जाची अकरा पानं अख्ख्या बेळगावात बहुधा मी एकट्यानेच वाचली असतील. आक्का बाटलीतली एक कॅप्सूल चिमटीत धरून उजेडात बघत होती.

"ह्ये वरचं टरफल कशाचं असतंय रं?"

शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. या रोगावर अजून कुणी औषध शोधलेलं नाही. मी म्हणालो, "जिलेटिनचं. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून करतात."

आक्काने कॅप्सूल खाली ठेवली आणि हात धुवून आली. मग माझ्या बायकोकडून तिने स्टीलची वाटी मागून घेतली, पदराने कॅप्सूल धरून दोन टोकं फिरवून उघडली, पूड वाटीत पाडली आणि टरफलं कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकली. "ह्येवढं घ्यायचं. झालं," म्हणाली. मलाही ते सोयीचं वाटलं. आयुष्यभर पोरांना प्रयोगाचे नियम शिकवलेला माणूस समोर बसून चहा पीत होता आणि त्याच्या डोक्यात काहीही वाजलं नाही.

पहिले दोन आठवडे मी असा झोपलो की बायको उठून माझा श्वास तपासायची. कॅम्पात सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींना मी आस्कंदावर छोटी छोटी व्याख्यानं दिली. त्यांच्यात एक निवृत्त फौजी सुभेदार होते, ते म्हणाले, "सर, आधी तुम्ही या काढ्या-चूर्णांना नावं ठेवायचा." मी म्हणालो, पुरावा मिळाला की मत बदलायचं असतं, यालाच वैज्ञानिक दृष्टी म्हणतात. मला हे वाक्य आवडलं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत म्हणालो.

निपाणीत काही सुधारणा नव्हती. रोज सकाळी एक छापील तक्ता भरायचा असे: किती वाजता पडलात, किती वेळा जाग आली, आणि उठल्यावर कसं वाटतंय हे दाखवायला रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे. आक्का रोज रडक्या चेहऱ्यावर फुली मारत होती. 'झोप न येण्याचे कारण' असा एक रकाना होता, त्यात तिने चौदाही दिवस एकच शब्द लिहिला होता: घर. आणि रोज सकाळी सातला पुण्याहून फोन यायचा.

"आई, लागली का झोप?"

"न्हाय. उद्या बगू."

दोन आठवड्यांनी तपासणी झाली. झोप आली का, असं डॉक्टरीणबाईंनी कानडीत विचारलं, "निद्दी बंतेन्री अज्जी?" आक्का तेवढ्याच खेदाने म्हणाली, "बरलिल्ल." नाही आली. जणू झोप ही कुणी पाहुणी होती आणि तिची गाडी चुकली होती. आम्हाला उरलेल्या चार आठवड्यांच्या नव्या बाटल्या मिळाल्या आणि आम्ही अनगोळला आलो.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, "तुजी बाटली आण हिकडं."

"कशाला?"

"आण म्हणते न्हवं."

तिने माझी एक कॅप्सूल उघडली, पूड तळहातावर घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मी तिला वखारीत असं उभं राहिलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं.

"ह्यात काय न्हाय."

"काय नाही म्हणजे?"

"तांदळाचं पीठ हाय. त्येबी जुनं, डब्याच्या तळातलं. आणि ह्ये माजं बग. पागंचा वास येतोय. घोडा बांदल्यागत."

"आक्का, असं वासावरून ठरवता येत नसतं."

"मग कशावरनं ठरवत्यात?"

बायकोने आळीपाळीने दोन्ही हुंगलं. "वन्सं म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघून, "म्हणजे तुम्ही दोन आठवडे भाकरीचं पीठ खाऊन घोरताय."

मी सुभेदारांचा विचार करत होतो. आक्काने तेवढ्यात माझी बाटली स्वतःच्या पिशवीत घातली होती.

"अगं, त्यात औषध नाही!"

"तुला झोप लागली का?"

"लागली."

"मला लागली?"

"नाही."

"मग माल कुणाचा चांगला?"

एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतक्या थोड्यात निष्कर्ष काढून दाखवला नव्हता. शिवाय तिच्या दृष्टीने तांदूळ हे मूळ नव्हे, त्यामुळे तोही प्रश्न मिटत होता. तिची बाटली तिने माझ्यासाठी ठेवली. "तू खा घोडा," म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी आणखी एक काम केलं. भाच्याला फोन करून सांगितलं की तुझ्या रोजच्या विचारण्याने तिच्या नोंदी बिघडतात. उरलेले चार आठवडे सकाळी फोन करू नकोस, आणि झोप आणि घर हे दोन शब्द काढू नकोस. आईसाठी म्हणून सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता. नोंदी बिघडतात म्हटल्यावर लगेच कबूल झाला.

पुढच्या आठवड्यात आक्काची फुली मधल्या चेहऱ्यावर आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात चौथ्यावर. मग एके दिवशी हसऱ्यावर, आणि कारणाच्या रकान्यात 'घर'च्या जागी एक आडवी रेघ. इकडे मी आक्काचा अस्सल आस्कंद टरफलासकट गिळत होतो आणि पहाटे तीनपासून टक्क जागा होतो. पीठ आहे हे कळल्यापासून पिठाचा गुण गेला होता, आणि औषध आहे हे कळूनही औषधाचा गुण येत नव्हता. त्यात मनाला लागून राहिलेली गोष्ट होतीच. त्या पोरीच्या प्रबंधात दोन आकडे खोटे जात होते आणि ते मला माहीत होतं.

मी सांगायला दोनदा गेलो. पहिल्या वेळी बाईंनी चहा मागवला आणि आक्काच्या झोपेची चढती रेघ कागदावर दाखवली. "सर, अज्जी नंबर एक!" त्यांचा चेहरा बघून मी बिस्किट खाल्लं. दुसऱ्या वेळी त्या जागेवर नव्हत्या, आणि परत येताना मला हलकं वाटलं याची नोंद इथे केलीच पाहिजे.

शेवटी आक्कालाच फोन केला. "सांगायला पाहिजे गं."

"सांग की. मी कुठं नगं म्हणते?"

"मग तुला कागद मिळायचा नाही."

मग ती म्हणाली, "मग जरा थांब." खोटं बोलायचं नाही हा तिचा नियम लहानपणापासूनचा. पण थांबायचं नाही असा नियम तिने कधी घेतला नव्हता.

सहा आठवडे संपले आणि महाविद्यालयाने समारोप ठेवला. एवढ्याशा अभ्यासाला समारोप कशाला हे मला कळलं नाही, पण सभागृह होतं आणि फलक छापून झाला होता. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा चालू राहिला होता. पाचही वाती विझल्या, मग पंखा बंद केला, मग सगळ्यांना घाम आला. प्रमुख सरांनी पाच हजार वर्षांच्या परंपरेवर भाषण सुरू केलं आणि ते त्यातलं एकही वर्ष सोडणार नाहीत असं वाटायला लागलं. दुसऱ्या रांगेत भाचा बसला होता. तो कागद घ्यायला पुण्याहून आला होता.

शाल आधी आक्काला घातली. मग सरांनी माइक तिच्यापुढे धरला.

"सांगा अज्जी, आमची कॅप्सूल घेऊन कसं वाटलं?"

आक्काने मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं ती दोन गोड शब्द बोलून खाली येईल, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"कुठली?" ती म्हणाली.

"कुठली म्हणजे?"

"तुमची दोन हप्तं घेतली. मग ह्याची घेतली." तिने सगळ्या सभागृहादेखत माझ्याकडे बोट केलं. "तुमच्यात आस्कंद हाय. चांगला हाय, यंदाचाच माल हाय. ह्याच्यात तांदळाचं पीठ. म्या उगडून वास घेतला. तुमच्या मालानं काय झोप न्हाय आली बगा. पीठ घेतलं तवा आली. आता तुमाला कागद द्यायचा तर द्या, न्हायतर ऱ्हाऊ दे."

सर "धन्यवाद, धन्यवाद" म्हणाले आणि स्वतः टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. शाल परत कशी घ्यायची याची पद्धत नसल्याने ती आक्काच्याच अंगावर राहिली. अहवाल मात्र मिळाला नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या. आक्का त्यांच्याशेजारी टेकली.

"पोरी, चुकलं माजं. लई नुकसान झालं का तुजं?"

बाई म्हणाल्या, बाकी माणसं आहेत, प्रबंध होईल. मग थोड्या वेळाने, "अज्जी, वासावरून कळेल हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"मग आता सांगते. फुडच्या येळंला त्ये पीठ आस्कंदाच्या पोत्यात चार दिस पुरून ठेव. वास धरतंय. आमच्या वखारीत लोक असंच फसवायला बगायचे."

"आणि तुम्ही फसायचा?"

"पयलं साल फसले."

बाईंनी पर्समधून पेन काढून ते लिहून घेतलं. त्या दिवसभरात सभागृहात आणि बाहेर जे काही बोललं गेलं, त्यातलं कुणी लिहून घ्यावं असं तेवढंच होतं.

निपाणीला जाताना मीही गाडीत होतो. आक्का मागे शाल पांघरून झोपली. हायवेला लागल्यावर भाचा म्हणाला, "मग मामा, निष्कर्ष काय? पिठाने झोप लागते?"

"निष्कर्ष काढता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. आपण एकाच दिवशी दोन बदलल्या."

"दुसरी कुठली?"

"तुझा फोन."

संकेश्वर येईपर्यंत त्याने आरशातून दोनदा मागे आईकडे पाहिलं. मी वर्गात कित्येक हुशार पोरं पाहिली, जी वर्षभर नीट झोपायची आणि परीक्षेच्या आदल्या रात्री छताकडे बघत पडायची. त्यांना कुणी आजारी म्हटलं नाही. आक्काला आम्ही झोपेचीच परीक्षा घातली, नापास झालीस तर घर जाईल म्हणून बजावलं, आणि रोज सकाळी सातला निकाल विचारला. हे कळायला मला सील केलेलं पाकीट लागायला नको होतं. अर्थात हाही नुसता माझा अंदाज आहे. पिठाचा गुण असेलही.

घरी पोचल्यावर भाचा परसदारी गेला. त्या पायऱ्या तो पहिल्यांदा एक एक करून उतरला, परत चढला, आणि वर येऊन उभा राहिला.

"इथे धरायला काहीच नाही," तो म्हणाला.

"घर बांदल्यापासनं न्हाय," आक्का आतून म्हणाली. "तू इचारलंस कवा?"

पुढच्या आठवड्यात लोखंडी पाइपचा कठडा बसला. उन्हाळा आला आणि गेला. गाडी आली नाही. भाचा आता संध्याकाळी फोन करतो आणि जेवलीस का विचारतो. ती तोवर कधीच जेवलेली असते. झोपेचं तिला कुणी विचारत नाही, त्यामुळे ती लागते की नाही याची विश्वसनीय माहिती उपलब्ध नाही. मी पहाटे तीनला उठतो आणि वाचतो. सुभेदारांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं की ते पीठ कुठल्या तांदळाचं होतं.

पावसाळा संपताना महाविद्यालयाकडून सगळ्या सहभागींना अभ्यासाचा दोन पानी गोषवारा आला. मराठीसुद्धा या वेळी छापील होतं. मी तो निपाणीला घेऊन गेलो आणि परसदारी, नव्या कठड्याला टेकून, आक्काला मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. सहभागी क्रमांक अकरा आणि बारा हे कायमचे गाव सोडून गेल्यामुळे त्यांच्या नोंदी वगळण्यात आल्या आहेत.